पसंतीक्रम एक, पसंतीक्रम दोन

स्कीवाल्यांना बर्फावरून डोंगरावर ओढत नेणाऱ्या लिफ्टची दांडी त्याच्या गुडघ्यांच्या मागे होती आणि माझ्या पाठीच्या मधोमध. एकाच दांडीला टेकून दोघांना डोंगर चढायचा असतो तेव्हा उंची साधारण जुळावी लागते, नाहीतर वर पोचेपर्यंत एक जण पडतो. तीन हिवाळे मी शनिवार-रविवारी त्या लिफ्टच्या पायथ्याशी उभी राहून लोकांच्या जोड्या लावत होते, त्यामुळे हे मला चांगलं ठाऊक होतं. तरीही त्या शनिवारी मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. गर्दीच्या दिवशी एकट्यानं वर जायचं नाही असा नियम होता, तो साडेसहा फूट होता आणि रांगेत त्याच्या मागे पाच वर्षांच्या मुलांचा वर्ग होता. शिवाय वरच्या टोकाला बसणाऱ्या ऑड्वारला कॉफीचा थर्मास पोचवायचा होता. पुढे जे झालं त्याला ऑड्वारची कॉफी जबाबदार आहे, असं मी आजही मानते.

वर जायला सात मिनिटं लागतात. आमच्याकडे अनोळखी माणसाशी बोलणं म्हणजे त्याच्या घरात बूट घालून शिरणं. त्यामुळे लोक सात मिनिटं आपापल्या स्कीच्या टोकांकडे बघत वर जातात. हा मात्र बोलला.

“तुला त्रास होतोय का?”

“नाही,” मी म्हणाले. माझा डावा खांदा तेव्हा उजव्यापेक्षा वीतभर वर होता.

त्याचं नाव वेट्ले. आमच्या सोग्नदालला भूगर्भशास्त्र शिकायला आला होता. दगड आवडतात का, असं मी विचारलं. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. आधी त्यानं कुठे किती बर्फ पडतो याचा नकाशा पाहिला होता. मग विद्यापीठांची यादी. दोन्ही जिथे जुळलं तिथे कोणता विषय मिळतो ते बघितलं, आणि मिळत होता दगड. आई नातेवाइकांना सांगते की मुलाला लहानपणापासून दगडांची ओढ होती. लहानपणी त्यानं एकच दगड हाताळला होता, तो शेजाऱ्यांच्या खिडकीतून आत गेला.

मी हसले. त्यामुळे दांडी हलली, आम्ही दोघं एकमेकांवर कलंडलो आणि उरलेला वेळ तसेच वर गेलो… कारण सरळ व्हायला जागाच नव्हती. त्याच्या जाकिटाला ओल्या लोकरीचा आणि संत्र्याचा वास येत होता.

मग त्यानं विचारलं, मी काय शिकणार. मी म्हणाले, जनावरांची डॉक्टर. आणि ते फक्त ऑसला शिकता येतं.

“ऑस?” तो म्हणाला. “मी तिथलाच आहे.”

“कसं आहे?”

“सपाट,” तो म्हणाला. एवढ्या दुःखानं कुणी माणूस मेल्याचंही सांगत नाही.

घरी मी काही बोलले नाही. पण आमच्या गावात लिफ्टवर कोण कुणाला टेकलं हे संध्याकाळच्या बातम्यांच्या आधी घरी पोचतं. बाबा मेंढ्या पाळतात आणि खाली फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठाला सफरचंदं लावतात. आई बर्गनला असते, दुसऱ्या नवऱ्याबरोबर. तिथे पाऊस फार पडतो, असं बाबा अधूनमधून समाधानानं सांगतात. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले की ही शिकायला येणारी पोरं बर्फाबरोबर येतात आणि बर्फाबरोबर जातात, तेव्हा सुन्निवा, फार जवळ जाऊन बघू नकोस. मग त्यांनी बटाटे पुढे सरकवले. आमच्यातलं ते त्या वर्षातलं सर्वांत लांब संभाषण होतं.

मी जवळ जाऊन बघितलं.

फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये आम्ही दर रविवारी लिफ्ट सोडून डोंगरात जायला लागलो. चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवायच्या आणि एकामागे एक चालत राहायचं. चालताना बोलणं होत नाही, फक्त पुढच्या माणसाची पाठ दिसते. त्या दोन महिन्यांत मी त्याची पाठ अशी पाठ केली की परीक्षेत आली असती तर पैकीच्या पैकी मिळाले असते. तो थांबायचा, मागे वळायचा, मी येतेय ना ते बघायचा — आणि मी तेव्हा नेमकी बुटाचा बंद बघत असायचे. संध्याकाळी घरी आल्यावर मला उगाचच काहीतरी विसरल्यासारखं वाटायचं. हातमोजे, टोपी, थर्मास, सगळं जागेवर असायचं.

आता आमच्याकडच्या प्रवेशाबद्दल सांगायला हवं. सगळ्या देशाची एकच यादी. एप्रिलच्या मध्यापर्यंत अर्ज भरायचा, पसंतीक्रम लावायचा. पुढे एक जुलैपर्यंत क्रम वरखाली करता येतो. मग जुलैच्या वीस तारखेला एकच जागा मिळते, वरून बघत येताना जी पहिली बसेल ती. तिच्याखालचं सगळं पुसलं जातं, जणू ते कधी मनात नव्हतंच.

मी पहिल्या क्रमांकावर ऑस लिहिलं, जनावरांचं वैद्यक, सहा वर्षं. माझे गुण पुरत होते. दुसऱ्या क्रमांकावर सोग्नदाल, शिक्षकी, घरापासून सायकलनं अकरा मिनिटं. दुसरा क्रमांक मी का लिहिला हे कुणी विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत.

अर्ज भरला त्याच आठवड्यात, मोसमाच्या अखेरीला, अचानक गुडघाभर नवा बर्फ पडला. आम्ही पहाटेच निघालो. डोंगरावर त्या दिवशी आमच्याशिवाय कुणी नव्हतं. वाट पाडायचं काम सगळ्यांत कष्टाचं. पाळी-पाळीनं करतात. त्यानं पाळी दिलीच नाही. साडेतीन तास तो एकटा पुढे, मी मागे, त्यानं दाबून दिलेल्या मऊ रेघेवरून पाहुण्यासारखी चालत.

डोंगरात कायदे फारसे नाहीत, पण एक आहे. ज्यानं वाट पाडली, त्यानं आधी उतरायचं. अस्पर्श उतारावरची पहिली रेघ त्याची. यावरून भावाभावांनी अबोला धरल्याचं मला माहीत आहे. म्हणून माथ्यावर मी बाजूला झाले, पट्ट्या गुंडाळल्या आणि वाट बघत राहिले. तो बुटाचा बंद आवळत होता. मग सैल करत होता. मग पुन्हा आवळत होता.

“तू जा,” तो म्हणाला.

“वाट तू पाडलीस.”

“माहितीये.”

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. खाली फियॉर्डकडे बघत होता, आणि कानाच्या पाळ्या थंडीनं होतात त्यापेक्षा जास्त लाल झाल्या होत्या. माझ्या आत्याला यापेक्षा कमी बोलून लग्नाची मागणी आली होती आणि ती हो म्हणाली होती.

मी गेले. तो उतार मला अजून आठवतो — पायाखाली काहीच नसल्यासारखं, आणि मागे कुणीतरी आहे हे पाठीला कळत असल्यासारखं. खाली थांबून वळून पाहिलं तर तो येत होता. अख्खा डोंगर मोकळा होता. तरी त्यानं माझ्या रेघेला लागूनच आपली रेघ ठेवली होती, वळणाला वळण. आम्ही एका दगडावर बसून तपकिरी चीज लावलेला पाव खाल्ला. बराच वेळ. 

बर्फ गेला, पण तो गेला नाही. बाबांना याचा थोडा त्रास झाला. त्यांचा सिद्धांत चुकत होता. मेंढ्या व्यायला लागल्या तसा तो रोज दुपारी गोठ्यात येऊ लागला. एकदा एका मेंढीच्या पोटात कोकराचा पाय दुमडून अडकला. मी कोपरापर्यंत हात घालून, डोळे मिटून, बोटांनी चाचपत तो सरळ केला. मेंढी सुखरूप, कोकरू सुखरूप. वेट्लेला मात्र पालथ्या बादलीवर बसवून पाणी द्यावं लागलं. बाबांनी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा जेवायला थांब म्हटलं. सिद्धांत नव्यानं मांडायचा तर माणूस जवळून बघायला हवा.

जून आला. मी वाट बघत होते, तो कधीतरी ‘थांब’ म्हणेल याची. तो म्हणत नव्हता. मग निदान ‘जा’ म्हणेल. तेही नाही. तो कुंपण दुरुस्त करत होता, बाबांबरोबर बटाट्यांबद्दल गप्प बसत होता, आणि निघताना दारात एक क्षण उगाच उभा राहत होता. आमच्याकडे माणसाला विचारणं म्हणजे त्याच्यावर ओझं टाकणं. म्हणून त्यानं मला विचारलं नाही, मी त्याला विचारलं नाही, आणि दोघांनी मिळून एवढं सौजन्य दाखवलं की तीस जूनला मी फोन उघडला आणि क्रम बदलला. सोग्नदाल वर. ऑस खाली. पडद्यावर ‘नोंद झाली’ असं आलं. मला वाटलं होतं, निदान एकदा तरी ‘नक्की?’ असं विचारतील.

दुसऱ्या दिवशी आम्ही वरच्या तुकड्यात वाळलेलं गवत ओढत होतो. मी हवामान सांगावं तसं सांगितलं, की क्रम बदललाय, शिक्षकी वर घेतलीय.

त्यानं दाताळं गवतात ठेवलं. अगदी हळू, झोपलेल्या मुलाला ठेवावं तसं.

“का?”

“मला मुलं आवडतात.”

“सुन्निवा, लिफ्टवर तू मुलांना दांडी देताना मी बघितलंय.”

मी गवत ओढत राहिले. मग तो बोलायला लागला, आणि त्या एका दुपारी सहा महिन्यांचा साठा संपवला. म्हणाला, मी हिवाळा बघून विद्यापीठ निवडलं. हिवाळा पाच महिने असतो. उरलेले सात महिने मी अशा मुलांच्या शेजारी बसतो, जी दगड उचलतात, ओठांना लावून चाखतात आणि खूश होतात. मी त्यांच्याकडे बघतो आणि मला कळतं की मी चुकीच्या वर्गात आलोय. तुला त्या मेंढीपाशी बघितलं तेव्हा मला चक्कर रक्तानं आली नव्हती; तू बरोबर वर्गात होतीस, त्यानं आली.

“मग तू थांब का नाही म्हणालास?”

“म्हणालो असतो तर तू थांबली असतीस.”

“आणि जा?”

“ते…” त्यानं गवताची एक काडी उचलली, मोडली. “ते माझ्यानं होईना. तू मला आवडतेस. फार. हे सांगितल्यावर जा म्हणणं म्हणजे वेडेपणा, आणि हे न सांगता जा म्हणणं म्हणजे खोटं. म्हणून मी कुंपण दुरुस्त करत बसलो.”

वारा पडला होता. गवताला गोड वास येत होता. मी म्हणाले, मलाही. एवढंच. आमच्याकडे याला भाषण म्हणतात.

क्रम बदलायला त्या दिवसापुरता वेळ होता, आणि त्या शेतात फोनला रेंज फक्त कोठाराच्या कोपऱ्यापाशी येते. मी तिकडे निघाले तर तो माझ्याबरोबर आला नाही. शेताच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, म्हणजे मी जे करेन ते माझं असेल. ती पाठ मला तोंडपाठ होती. तिच्याकडे बघत मी बराच वेळ काहीच केलं नाही. मग ऑस वर घेतलं. मला एकदाही शंका आली नाही, याचंच मला सगळ्यांत जास्त रडू आलं.

वीस जुलैला जागा मिळाली. खालचं सगळं पुसलं गेलं.

ऑसला खोल्या मिळत नाहीत. वेट्लेनं आईला फोन केला. तिचं नाव उन्नी, ती टपालखात्यात होती. ती म्हणाली, माझ्या मुलाची खोली रिकामीच आहे, तो तिकडे दगड शिकतोय ना. अशी मी ऑगस्टमध्ये त्याच्या खोलीत राहायला गेले. पलंग एवढा लांब होता की माझ्या पायांच्या पुढे दुसरं कुणी झोपू शकलं असतं. तिकडे तो दर रविवारी बाबांबरोबर जेवायचा आणि आमच्या स्वयंपाकघरातून फोन करायचा. बाबा फोनवर बोलत नाहीत, पण मागून चमच्यांचा आवाज जरा मोठा यायचा, म्हणजे त्यांचाही नमस्कार पोचला. फोन ठेवल्यावर मी त्याच्या खिडकीतून बाहेर बघायचे. शेत, मग शेत, मग आकाश. नजर कुठेच अडत नव्हती, त्यामुळे ती सरळ त्याच्यापर्यंत जायची. सपाट प्रदेशाचा हा तोटा मला कुणी सांगितला नव्हता.

फेब्रुवारीत त्यानं सांगितलं की दहा वर्षांत पडला नाही असा बर्फ पडलाय. दीड मीटर, पिठासारखा कोरडा. वर्गात कुणीच येत नाही, सगळे डोंगरावर, दोन प्राध्यापकसुद्धा. मी म्हणाले, मजा कर. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याबद्दल मी बर्फाला दोष दिला.

शनिवारी दुपारी दाराची घंटा वाजली. ऑसला पाऊस पडत होता, आणि अंगण म्हणजे नुसता चिखल होता. दारात वेट्ले उभा होता. आठ तासांचा प्रवास, एक बस, एक आगगाडी, आणि रविवारी दुपारी परतीची बस. बरोबर स्की नव्हत्या. हातात फक्त बाबांनी दिलेली सफरचंदांची पिशवी होती.

“तिकडे बर्फ कसाय?” मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

“अजून पडतोय.”

“मग इथे काय करतोयस?”

त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. केसांवरून पाणी ओघळत होतं, ते त्यानं पुसलं नाही.

“तो दरवर्षी पडतो,” तो म्हणाला.

आतून उन्नी ओरडली की दार लावा, घरातली ऊब जातेय. आम्ही लावलं. पण लगेच नाही.