टिटवाळ्याचे रविवार

सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीतला पहिला रविवार. काकांच्या जुन्या फियाटमधून आम्ही डोंबिवलीहून टिटवाळ्यापुढच्या एका गावी लग्नाला निघालो होतो. टिटवाळ्यात शिरता शिरताच बॉनेटमधून वाफ यायला लागली. काकांनी गाडी चिंचेखाली घेतली.

"सरोज, कुठे पाणी मिळतंय का बघ गं."

मी रिकामा डबा घेऊन निघाले आणि... पाणी विसरलेच. कौलारू घरं, त्यांच्यामधून खाली उतरणारी पायवाट, आणि टोकाला काळू नदी — उन्हात अगदी संथ. पलीकडे कुणीतरी पेंढा रचत होतं. कुंपणाआड जास्वंदीचा मळा, नुसता लालेलाल. आमच्या डोंबिवलीच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे दिसायचे. इथे नजर कुठे अडतच नव्हती.

"ओ मॅडम, फुलं हवीत की पाणी?"

कुंपणापलीकडे, हातात टोपली घेऊन तो हसत होता.

"पाणी. गाडी तापलीय."

"गाडी तापलीय, आणि तुम्ही पाच मिनिटं नदी बघताय!"

मी लाजले. "गाव छान आहे तुमचं."

"घेऊन जा. मला तर सुटायचंय इथून. मस्कतला नोकरीचं बघतोय."

त्याचं नाव रघु. भरलेला डबा त्यानेच गाडीपर्यंत आणून दिला.

पुढच्या रविवारी मी एकटीच एसटीने टिटवाळ्याला गेले. घरी सांगितलं — गणपतीच्या दर्शनाला. त्याच्या पुढच्या रविवारीही... रघुची आई, आवडाबाई, मला ओट्यावर बसवून फुलं निवडायला द्यायच्या. मग रघु मला नदीकाठी न्यायचा. या पाखराचं नाव, त्या गवताचं नाव... सांगताना त्याचा आवाज हळुवार व्हायचा. सुटायचंय म्हणणाऱ्या माणसाचा आवाज असा असतो?

चौथ्या रविवारी मळ्यात त्याने खिशातून कागद काढला.

"मस्कतचं पत्र आलंय. पंधरा तारखेला निघायचंय."

ऊन कलत होतं.

"तू येत राहा ना," तो म्हणाला. "गाव तर इथंच आहे."

"मी गावासाठी येते असं वाटतं तुला?"

"मग?"

"दुसऱ्या रविवारी गावासाठी आलेले. नंतर... नाही."

तो बघतच राहिला. "अगं, मग आधी बोलायचंस ना!"

"आणि इथल्या शाळेत बाईंची जागा निघालीये. मी डी.एड. आहे... अर्ज टाकलाय."

"म्हणजे मी चाललो, आणि तू इथं येणार?"

तेवढ्यात जास्वंदीमागून आवडाबाईंचा आवाज आला. त्या तिथे आहेत हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

"पोर गावान येते, न तू कुठं चाललास रं, येड्या?"

रघुने आईदेखत माझा हात धरला. सोडलाच नाही.

पंधरा तारखेचं विमान त्याच्याशिवायच गेलं. त्या दुपारी आम्ही काळूच्या काठाने फिरत होतो, आणि लग्न वैशाखात करायचं की त्याच्याही आधी, यावरून भांडत होतो.