एकोणिसावी गादी

बालवर्गाची मुख्य बाई म्हणून मला बावीस वर्षं झाली आहेत. तीन ते चार वर्षांची अठरा मुलं, एक लांबट खोली, बुटकी कपाटं, बुटके नळ, बुटक्या खुर्च्या. तिथे मोठं असं काही नाहीच, त्यामुळे पाठ कायम वाकलेली. नाकं पुसायची, उलटे घातलेले बूट सुलटे करायचे, कोणी कोणाला चावलं की ते मिटवायचं, दिवसाअखेर प्रत्येकाच्या वहीत पालकांसाठी दोन ओळी लिहायच्या. आणि हे सगळं हसऱ्या चेहऱ्याने.

घरी बाबा. अर्धांगवायूनंतर अंथरुणाला खिळलेले. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. सलग झोप कशी असते हे मी विसरले होते. दिवसा शेजारीण बघते, रात्र माझी. बाबा चिडायचे, मी चिडायचे.

त्यात आमच्या वर्गाची मदतनीस मावशी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सुट्टीवर गेली. “आठवड्याभरात बदली माणूस देते,” असं संचालिका मॅडम म्हणाल्या. तो आठवडा लांबत लांबत महिन्याचा झाला.

साडेबारा ते दोन ही मुलांच्या झोपेची वेळ. सहा-सहा गाद्यांच्या तीन रांगा. निळे पडदे ओढले की खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटते. ओल्या रुमालांचा, मेणाच्या खडूंचा आणि घामेजलेल्या केसांचा वास. एकेकाला थोपटत पुढे सरकायचं. सतरा मुलं झोपायची. अठरावी झोपत नसे. डोळे टक्क उघडे ठेवून पडून राहायची, म्हणून मावशीने तिचं नाव टकटकी ठेवलं होतं. तिला थोपटता थोपटता हात भरून यायचा, आणि हात उचलला की डोळे उघडे.

त्या मंगळवारी तिला थोपटताना माझाच डोळा लागला.

जाग आली तेव्हा दोनला पाच कमी होते. अठरा मुलं आणि एकटी बाई भिंतीला टेकून झोपलेली, असं कोणी पाहिलं असतं तर बावीस वर्षं पाण्यात. मी घाईने मुलं मोजली. अठरा. सगळी गाढ झोपेत. टकटकीसुद्धा, तोंड किंचित उघडं ठेवून. कोपऱ्यातल्या गुबगुबीत मुलाची, ज्याला आम्ही भोपळा म्हणतो, चड्डी बदललेली होती. ओली चड्डी पिशवीत घालून पिशवीला गाठ मारलेली. अर्धवट झोपेत मीच केलं असणार, असं मी स्वतःला सांगितलं. सवयीचं काम, हात आपोआप चालतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोल करून बसलो असताना भोपळा म्हणाला, “काल दुसऱ्या बाईंनी माझी चड्डी बदलली.”

“कोणत्या दुसऱ्या बाई?”

“तुम्ही झोपल्यावर आल्या त्या.”

“कशा दिसतात रे?”

तो गोंधळला. इतकं सोपं का विचारतायत, असा चेहरा. “तुमच्यासारख्याच.”

“पण त्यांना घाई नसते,” टकटकी म्हणाली.

मी हसून गाणं सुरू केलं. दुपारी मात्र दाराला आतून वरची कडी घातली आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारून ठेवलं. तो म्हणाला, “बाई, माझ्यासमोरून मांजर जात नाही, माणूस कुठला जायला?” त्याही दिवशी मला झोप लागली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. झोप यायची नाही, कोसळायची. उठले की कडी तशीच, मुलं झोपलेली, नाकं पुसलेली, विस्कटलेल्या वेण्या नीट घातलेल्या.

मग वह्या. मी लिहायला घेतल्या तर लिहून झालेल्या. अक्षर माझंच. मजकूर माझा नव्हता. मी वर्षानुवर्षं ‘जेवला, झोपला, खेळला’ एवढंच लिहीत आले आहे. तिथे लिहिलं होतं, ‘आज हिला आईची फार आठवण आली. आम्ही दोघी खिडकीशी बसलो आणि थोडा वेळ नुसती आठवण काढली.’

नव्याने नोकरीला लागले तेव्हा मी असं लिहायचे.

सोमवारी ठरवलं, आज झोपायचं नाही. कडक चहा घेतला, डोळ्यांवर गार पाणी मारलं आणि उभी राहिले. एकही मूल झोपलं नाही. एक डोकं खाली दाबावं तर दुसरं वर यायचं. कोणी रडत नव्हतं, दंगा करत नव्हतं. सगळी माझ्याकडे बघत होती, बस यायची वाट बघावी तशी.

टकटकी हळूच म्हणाली, “बाई, तुम्ही झोपा ना. म्हणजे त्या येतील.”

मी तिचा दंड धरला आणि तिला गादीवर दाबलं. “गप्प पड!”

हात सोडला तेव्हा दंडावर माझी चार बोटं उमटली होती. ती रडली नाही. नुसती बघत राहिली. बावीस वर्षांत मी मुलाला बोट लावलं नव्हतं. मी तिथेच खाली बसले आणि तिचा दंड चोळत राहिले, आणि मुलं माझ्याकडे बघत राहिली.

शाळा सुटल्यावर मॅडमकडे गेले. “मला झेपत नाहीये. कोणीतरी द्या मदतीला.” दंडाचं सांगायचं धाडस झालं नाही.

“अजून आठ दिवस ओढा हो, बाई,” त्या फायलीतून वर न बघता म्हणाल्या. “आणि झेपत नाही काय म्हणता? पालक इतके खूश कधी नव्हते. तुमचं लिहिलेलं वाचून एका आईच्या डोळ्यांत पाणी आलं.”

मंगळवारी मी कपाटातून एक जादा गादी काढली आणि तिसऱ्या रांगेच्या शेवटी घातली. झोपायचं नव्हतं. झोपेचं सोंग घेऊन काय होतं ते ऐकायचं होतं. आडवी झाले, डोळे मिटले.

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

मग पहिल्या रांगेत थोपटण्याचा आवाज सुरू झाला. मऊ, एका लयीत. एक मूल. थोडं थांबून दुसरं. पावलं वाजत नव्हती, गाद्यांची कड तेवढी दबत होती. मी मोजत गेले.

सहा. सात.

मुलांचे श्वास एकेक करून जड होत होते.

बारा.

टकटकीपाशी आवाज जास्त वेळ थांबला. ती काहीतरी कुजबुजली आणि हसली. तिला हसताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

अठरा.

माझ्या गादीची कड दबली.

खांद्यावर हात पडला. गरम नाही, गार नाही. थोपटू लागला.

डोळे उघडायला हवे होते. मी उघडू शकत होते, हे मी खरं सांगते. पण मला कोणी थोपटल्याला चाळीस वर्षं झाली होती.

जाग आली तेव्हा खोली रिकामी होती. गाद्या रचलेल्या, फरशी पुसलेली, घड्याळात सव्वाचार. मुलं तीनलाच घरी जातात. मी अनवाणी मॅडमच्या खोलीकडे धावले.

“काय झालं?” त्या म्हणाल्या. “मघाशी तर दारात उभ्या राहून एकेका पालकाशी बोलत होतात. आज किती ताज्या दिसत होतात तुम्ही.”

दुसऱ्या दिवशी भोपळ्याचे वडील मुद्दाम थांबले. “बाई, उपकार झाले तुमचे. काल तुम्ही म्हणालात म्हणून कान तपासून घेतला. आत पू झालाय. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर ऐकू येणं गेलं असतं.”

भोपळा कितीतरी दिवस कान चोळत होता. मी रोज पाहत होते. हात खाली कर, एवढंच म्हणत होते.

त्यानंतर मी साडेबाराला स्वतःच गादी घालू लागले. बदली माणसाचं मॅडम विसरल्या, मीही आठवण केली नाही. मुलं गुटगुटीत दिसू लागली. टकटकीच्या दंडावरचे डाग निवळले. एका संध्याकाळी बाबा म्हणाले, “हल्ली हात हलका झालाय तुझा.” मला वाटलं, दुपारची झोप मिळते आहे, म्हणून असेल.

परवा उठले तेव्हा बरोबर दोन वाजले होते. निळा उजेड, पंखा, अठरा श्वास. मानेवर पंख्याचा वारा लागत होता. हात मागे नेला. अंबाडा नव्हता. केस कानांपर्यंत कापलेले होते, तेही नीटनेटके. माझ्या अंगावरची साडी मी कधी विकत घेतलेली नव्हती.

फळ्यावर रोज सकाळी मी वार लिहिते. मी झोपले तो सोमवार होता. फळ्यावर माझ्या अक्षरात गुरुवार असं लिहिलेलं होतं.

टकटकीने डोळे उघडले. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग उठून बसली आणि अनोळखी मोठ्या माणसाशी कसं बोलायचं ते आम्ही शिकवतो, तसं अदबीने विचारलं, “आमच्या बाई कुठे गेल्या?”

घरी रात्री बाबांची कूस कोणी बदलली, तीन दिवस त्यांनी कोणाच्या हातचं खाल्लं, हे सगळं माझ्या मनात एकदम आलं. उठावं, मॅडमकडे जावं, घरी फोन लावावा. पण अंग जड होतं. इतकं झोपूनही जड.

“येतील,” मी तिला म्हटलं, आणि पांघरूण ओढून पुन्हा आडवी झाले.