तीन आणि चारचा चौकोन

मंगळवार, १९ मे १९९८. दुपारी चार वाजून पस्तीस मिनिटं.

जळगावातल्या एका रक्तपेढीच्या कॉम्प्युटर खोलीला बाहेरून कुलूप होतं.

आणि आत कोणीतरी टाइप करत होतं...

ही घडलेली गोष्ट आहे. लीलाधर माझा मावसभाऊ. त्याची वही, मशीनमधली नोंद आणि तिघांचं म्हणणं मी स्वतः तपासलं आहे. पेढीचं नाव तेवढं देत नाही.

लीलाधरची नोकरी तीन महिन्यांची, कायम व्हायची बाकी. काम सोपं. मशीनवर एक सेवा, म्हणजे एक प्रोग्रॅम, सतत चालू असायची. रोज साडेपाचला ती आपोआप यादी काढायची. आज रात्री मुदत संपणाऱ्या रक्ताच्या पिशव्यांची यादी. तीच टेलिफोन लाइनवरून धुळ्याच्या शाखेत जायची.

सेवा बंद, तर यादी नाही. यादी नाही, तर मुदत संपलेलं रक्त कोणाच्या तरी अंगात.

म्हणून दर तासाला पडद्यावर बघायचं आणि वहीतल्या चौकोनात खूण करायची. दहा ते पाच. आठ चौकोन.

लीलाधर सकाळीच आठही खुणा करून मोकळा व्हायचा.

त्या दिवशीही केल्या. एक वाजता कुलूप लावून जेवायला घरी गेला. पारा सेहेचाळीसवर. कूलरसमोर डोळा लागला.

परत आला तेव्हा ओट्यावर वॉचमन सुपडू बसला होता. लीलाधरला बघून तो उभाच राहिला.

"साहेब, तुम्ही बाहेर? मंग मझार कोन शे?"

"आत कोण असणार? किल्ली माझ्याकडे आहे."

"मी बठ्ठी दुपार आठेच बसेल शे. कोनी उनं नही, कोनी गयं नही. पन आयका ना..."

टक. टक टक. टक...

दुपारभर कोणी आलं-गेलं नाही, तरी आतून आवाज. लीलाधरनं कुलूप काढलं.

आवाज थांबला.

आत कोणी नव्हतं. खुर्ची मात्र टेबलापासून मागे सरकलेली.

पडद्यावर दोन ओळी होत्या. सेवा बंद, दोन वाजून दहा. सेवा सुरू, चार छत्तीस. सुरू करणाऱ्याचं नाव... पितांबर.

वही उघडी होती. तीन आणि चारच्या चौकोनातल्या खुणा दोन-दोन रेघांनी खोडलेल्या. शेजारी निळ्या शाईत एकच शब्द.

बंद.

साडेपाचला यादी निघाली. तिच्यात एक पिशवी धुळ्याची होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ऑपरेशनसाठी काढून ठेवलेली. ती बदलली गेली.

बुधवारी व्यवस्थापक सुनंदाबाईंनी लीलाधरला समोर उभं केलं. त्यानं बोलावलं म्हणून मीही होतो. खरं सांगतो, माझाही संशय त्याच्यावरच होता. झोपला, घाबरला आणि भुताची कथा रचली.

"भूत बॉलपेननं लिहितं का रे?" सुनंदाबाई म्हणाल्या. "अक्षर तर तुझ्यापेक्षा चांगलं आहे त्याचं."

"मॅडम, खुणा आधी केल्या, ती चूक माझी. पण हे मी लिहिलं नाही. आईची शपथ."

"आईला सोड. वही दे."

त्यांनी पान पाहिलं.

मग उठून कपाटाची किल्ली शोधू लागल्या...

पितांबर हा लीलाधरच्या आधीचा माणूस. तोही खुणा आधीच करायचा. फेब्रुवारीत एकदा सेवा बंद पडली आणि धुळ्यात मुदत संपलेली पिशवी पेशंटच्या खाटेपर्यंत गेली. नर्सनं पाहिली म्हणून निभावलं. खुलासा द्यायला पितांबर वही घेऊन धुळ्याला निघाला. पारोळ्याच्या अलीकडे बस उलटली.

तो गेला. वही सापडली नाही.

सुनंदाबाईंनी कपाटाचं कुलूप काढून त्याचा रजेचा जुना अर्ज वहीशेजारी ठेवला. तेच अक्षर. खाडाखोडीला त्याच दोन रेघा.

लीलाधरनं ते अक्षर कधी पाहिलंच नव्हतं. दुसरी किल्ली सुनंदाबाईंकडे, पण मंगळवारी पाच वाजेपर्यंत त्या धुळ्यात होत्या. मी खात्री केली. नाशिकहून आलेल्या इंजिनिअरनं सांगितलं, पितांबरचं नाव मशीनमधून मार्चमध्येच काढलं होतं.

लीलाधरची नोकरी राहिली. त्यानंतर तो डोळ्यांनी बघितल्याशिवाय खूण करत नसे.

जूनमध्ये एका रविवारी तो साखरपुड्यासाठी पहूरला गेला. त्याचाच साखरपुडा. रविवारी सुट्टी, वही कोरीच राहायची. खोलीला कुलूप, दोन्ही किल्ल्या सुनंदाबाईंच्या पर्समध्ये.

सोमवारी त्यांनी वही उघडली.

रविवारच्या सात चौकोनांत सात खुणा होत्या. निळ्या शाईत.

आठव्यात खूण नव्हती. लिहिलं होतं...

'लीलाधर कुठे आहे?'

त्या दिवसापासून लीलाधरनं रजा घेतलेली नाही, रविवारची सुट्टीसुद्धा नाही. लग्नाची तारीख दोनदा पुढे ढकलली. मुलीकडचे मला विचारतात, मुलात काही दोष आहे का?

आज रविवार. दुपारी तीनला मी पेढीत फोन केला.

पहिल्याच घंटेला त्यानं उचलला.

"बोल लवकर भाऊ," तो म्हणाला. "खूण करायची आहे."