कोऱ्या पट्टीवरचे आकडे

“माझ्या भावानं आईचे शेवटचे फोटो मारून टाकले,” ताई म्हणाली. समोरच्या पाण्याला तिनं हातही लावला नव्हता.

खासगी तपास करणाऱ्या बाईंनी नुसती मान हलवली. त्यांचे मदतनीस नाना, टंकलेखनातून निवृत्त झालेले, वही सरसावून बसले.

आईला जाऊन अठरा वर्षं झाली होती. बाबांच्या कपाटात तेव्हाचा एक कृष्णधवल रोल न धुता पडून होता. स्टुडिओवाला एका रोलचे अवाच्या सवा पैसे मागत होता, वर तो परगावी पाठवणार होता. भाऊ म्हणाला, फिल्म धुवायची छोटी टाकी आणि दोन रसायनं आणली की घरीच होईल, निम्म्या खर्चात. धुतला, तर रोल कोरा!

“कंजूषपणा, नाहीतर मुद्दामच. आईशी शेवटी त्याचं पटत नव्हतं,” ताई म्हणाली. “तीन आठवडे झाले, आम्ही बोलत नाही.”

भावाच्या न्हाणीघरात दोरीवर दोन पट्ट्या चिमट्यांनी टांगल्या होत्या.

“ही सरावाची. त्याच वर्षीचा रोल,” तो म्हणाला. पट्टी धुरकट होती, पण तिच्यात शेजारचं मांजर ओळखू येत होतं. “आणि ही आईची.”

दुसरी पट्टी काचेसारखी स्वच्छ होती. फक्त कडेला काळे आकडे होते.

“रसायनांचा क्रम उलटा झाला असेल, नाहीतर उजेड शिरला असेल. हे हात तोडून टाकावेसे वाटतात.”

“रोल कुणी दिला?”

“बाबांनी. स्वतः कपाटातून काढून.”

नानांना पोराची दया आली. गुन्हेगार तोच, हे मात्र त्यांनी मनोमन ठरवून टाकलं.

रसायनांचा दुकानदार हसला. “घरभर वेड आहे की! मुलगा रसायनं नेतो, वडील नवा रोल नेतात.”

बाबा पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या खोलीत आईचे बरेच फोटो होते.

“शेवटच्या वर्षातला एकही नाही?” बाईंनी विचारलं.

“आजारात केस गेले तिचे. आरशासमोरही जायची नाही.” बाबा उगाचच चष्मा पुसत राहिले.

संध्याकाळी बाईंनी तिघांना त्याच खोलीत बसवलं.

“उजेड शिरला असता तर पट्टी काळीठिक्कर झाली असती. क्रम उलटला असता तर कडेचे आकडेही उमटले नसते. ते कारखान्यात छापतात, पण दिसतात ते नीट धुतल्यावरच. म्हणजे भावानं काम चोख केलं.”

“मग फोटो?” ताईनं विचारलं.

“जुनी फिल्म धुरकट होते. ही मात्र लख्ख आहे, म्हणजे नवी कोरी. रोल धुण्याआधीच बदलला होता. नवा रोल विकत घेतला बाबांनी, आणि मुलाच्या हातात दिला तोही त्यांनीच.”

नानांचं पेन थबकलं.

“तिनंच सांगितलं होतं, एक माझा काढा, पण फक्त तुमच्यासाठी,” बाबा खालमानेनं म्हणाले. “मुलांना दाखवणार नाही असं मी कबूल केलं. तुमचा उत्साह बघून नाही म्हणवेना.”

“शब्द तुम्ही दिलात,” बाई हळूच म्हणाल्या, “आणि शिक्षा मुलगा भोगतोय.”

बाबांनी खिशातून खऱ्या रोलची डबी काढून मुलाच्या हातावर ठेवली. “चुकलो रे. धू. तुला येतं.”

भावानं ताईकडे पाहिलं. ती उठून त्याला खेटून बसली, आणि तिनंच त्याच्या हातातली डबी उचलून बाबांना परत दिली.

“दिसत कशी होती ते राहू दे, बाबा,” भाऊ म्हणाला. “फोटो काढताना काय म्हणाली, ते सांगा.”

अठरा वर्षांत बाबा तिच्याबद्दल कधी बोलले नव्हते. त्यांनी घसा खाकरला.

“म्हणाली, एवढी घड्याळं उघडलीत, आता कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण तेवढं उघडा.”