पुसलेला आवाज

खडकीतल्या माझ्या दोन खोल्यांत, भिंतींना गोधड्या लावून, उजैर आणि मी २०१७ साली आठ गाण्यांचा अल्बम केला. बीट माझे, शब्द आणि रॅप त्याचे. दोघांचंही पहिलंच काम. प्रत्येक ओळीआधी तो नाकातून जोरात श्वास ओढायचा. ते श्वास कापता कापता मी वैतागायचो.

एका कंपनीला गाणी आवडली, पण रॅपर म्हणून त्यांना तेजस हवा होता. मी उजैरचा आवाज पुसला, तेच शब्द तेजसकडून म्हणवून घेतले आणि गीतकार म्हणून स्वतःचं नाव दिलं.

उजैरने सगळं शांतपणे ऐकलं.

"शब्द माझे, गळा त्याचा, नाव तुझं. छान वाटणी केलीस."

"पुढच्या अल्बमला बघू," मी म्हणालो.

"बघच."

चार महिन्यांनी वाघोलीच्या रस्त्यावर त्याची दुचाकी ट्रकखाली गेली. मी दफनाला गेलो नाही.

यंदा कंपनीने अल्बम पुन्हा काढायचं ठरवलं. भर दुपारी मी जुन्या फायली उघडल्या. तेजसच्या ओळीआधी तो श्वास ऐकू आला. मी तेजसचा ट्रॅक बंद केला. श्वास आला. सगळेच बंद केले, हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

श्वास येतच राहिला. आता कानात नव्हे, माझ्या घशात.

तेजसला फोन लावला. त्याची बायको बोलली.

"सोमवारपासून त्यांचा आवाज गेलाय. डॉक्टरांना काही सापडत नाही. आपण कोण?"

"वहिनी, गंधार."

"थट्टा करू नका. गंधारभावजींचा आवाज मी ओळखते."

तिने फोन ठेवला.

मी तडक उजैरच्या घरी गेलो. कबूल करून टाकायचं होतं. दार त्याच्या बहिणीने, तरन्नुमने उघडलं. आत खाटेवर त्याची आई बसली होती. बिलकिसचाचींना आता दिसत नाही.

"चाची, मी माफी मागायला आलोय."

तरन्नुम भिंतीला टेकली.

चाची उठल्या. हसत, चाचपडत माझ्यापर्यंत आल्या.

"मी गंधार आहे," मी ओरडलो. उजैरच्या आवाजात.

त्यांनी माझ्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून बोटं फिरवली. बोटं थबकली.

"हा कुणाचा चेहरा घालून आलास, बेटा?"