उपाशी रांगेतली हिरवी रोपं

रोपं उपाशी ठेवली होती आणि ती खाऊनपिऊन टुणटुणीत निघाली, एवढाच काय तो गुन्हा होता. पुनाभाऊ अहिरेंना त्यात गुन्हा कुठे, हेच कळेना. एसटीतून निवृत्त झाल्यापासून ते धुळ्याच्या लताबाई खैरनारांबरोबर तपासाला हिंडत. आजवर कुणीतरी पळालेलं तरी असे, नाहीतर काहीतरी हरवलेलं. इथे सगळं जागेवर होतं, वर तब्येतही सुधारली होती.

जामनेरचे बियाणे-व्यापारी जवरीलाल मात्र घाम पुसत होते. "शनिवारी तपासणीची मंडळी येणार. माझ्याकडे प्रयोग करणाऱ्या तबस्सुमचा पहिला रिपोर्ट खोटा निघाला, तर पोरीला घरी पाठवावं लागेल. आणि कुणी मुद्दाम केलं असेल, तर तो मला पाहिजे."

घरामागच्या हरितगृहात तबस्सुम टोमॅटोच्या रोपांपाशी उभी होती. डोळे सुजलेले, आवाज सरळ.

"रोपाला फॉस्फेट मिळालं नाही, की त्याची काही जनुकं जागी होतात. त्यांच्यापासून आरएनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, बनतं. ते रोपातल्याच जुन्या आरएनएचे तुकडे करतं. त्यातून फॉस्फेट सुटतं आणि रोप दिवस काढतं."

"म्हंजे घरमधलाच भांडा मोडमा काढाना," पुनाभाऊ म्हणाले.

"तसंच. पानांखाली जांभळी झाकही येते. माझ्या रिपोर्टात हेच होतं. पण प्रयोगशाळेतल्या अखिलनं फेरतपासणीला पुढच्या रांगेतली पानं घेतली, त्यात विकरच नाही. आणि ती रांग बघा, हिरवीगार."

"मागच्या रांगा तर जांभळ्या आहेत."

"अखिल म्हणतो, तो कूलरचा गारठा. गारठ्यानंही पानं जांभळी पडतात."

लताबाईंनी कूलरकडे पाहिलं. त्याच्या झोतात एका बाजूला उपाशी रोपांच्या मागच्या रांगा होत्या, दुसऱ्या बाजूला पोटभर फॉस्फेट मिळालेली रोपं. ती हिरवी होती. मग त्यांनी पुढच्या कुंडीतली वाळू चिमटीत घेऊन हुंगली. "आंबूस आहे," एवढंच म्हणाल्या.

अखिल खुर्चीतून उठला नाही. "मॅडम, प्रकल्प मला मिळेल म्हणून माझ्यावर संशय ना? मला बिघडवायचं असतं, तर चमचाभर खत विरघळवून सगळ्या रांगांवर फिरवलं असतं. वाससुद्धा आला नसता."

"विचार बराच केलेला दिसतो तुम्ही."

पुनाभाऊंनी मनातल्या मनात अखिलला बेड्या घातल्या.

माळी फारुखभाईंकडे हरितगृहाची किल्ली होती. "किल्ली आहे, पण दिवसभर दार उघडंच असतं. आणि तबस्सुम मॅडमच्या रोपांना हात लावायची मनाई. एकदा पाइप चुकून तिकडे वळला, तर आठवडाभर बोलल्या नाहीत. माझा पाइप वळला ना ताई, तर पूर्ण टेबल भिजतं. अर्धं काम मी करत नाही."

पुनाभाऊंनी मनातल्या बेड्या अखिलच्या हातातून काढून फारुखभाईंना घातल्या.

रात्रभर हरितगृहात पहारा द्यायचं ठरलं. जवरीलालच्या आई लाडकुंवरबाई काठी टेकत ओट्यावर आल्या. पाठ कमरेत वाकलेली. "भाऊ, आमच्या जैनांच्या घरी दिवस मावळला की काही मिळायचं नाही. आधी जेवून घ्या." पुनाभाऊंना असा आग्रह मोडवत नसे. सुनेनं कढी वाढली. म्हातारी वाढायला थांबली नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही, कारण तोवर कढी तिसऱ्यांदा आली होती.

सकाळी पुढची रांग पुन्हा ओली आणि आंबूस.

"बठ्ठी रात जागा व्हतू अक्का. मुंगीबी सरकनी नही."

"खरं आहे, पुनाभाऊ. रात्री कुणी आलंच नाही."

लताबाईंनी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं.

"कुणीतरी या रोपांना खाऊ घालतंय. अखिलनं घातलं असतं, तर बिनवासाचं खत घातलं असतं. फारुखभाईंनी पूर्ण टेबल भिजवलं असतं. इथे फक्त पुढची रांग ओली, म्हणजे हात मागे पोचत नाही. वाळूला वास ताकाचा. ताकात फॉस्फेट असतं, पण घालणाऱ्याला ते ठाऊक असायची गरज नाही. आणि आम्ही रात्रीचा पहारा ठेवला खरा, पण घालणारं माणूस रात्री कुणाला घास देतच नाही. पुनाभाऊ कढी ओरपत होते, तेव्हा दिवस मावळायचा होता आणि हरितगृहात कुणी नव्हतं."

जवरीलालनी हळूच आईकडे मान वळवली. "बा?"

"पाजलं मी," लाडकुंवरबाई म्हणाल्या. "तूच जेवताना म्हणालास, रोपं उपाशी मारतोय. उपास आपल्या मर्जीनं करायचा असतो, जवरी. दुसऱ्याच्या तोंडचा घास अडवला की अंतराय कर्म बांधलं जातं. ते तुझ्या माथी नको म्हणून पाजलं."

"या मुलीची नोकरी जात होती, बा."

म्हातारीचा चेहरा उतरला. "हे मला कुणी सांगितलं नाही."

"आता गारठा," लताबाई अखिलकडे वळल्या. "पोटभर रोपंही त्याच कूलरसमोर आहेत. ती का जांभळी पडली नाहीत? मागच्या रांगेतली पानं तपासा. तुमच्याच हातानं."

दुपारी अखिल कागद न बघताच बोलला. मागच्या रांगेत विकर भरपूर, पुढच्या रांगेत नाही.

"म्हणजे फॉस्फेट मिळालं की जनुक पुन्हा झोपतं," तबस्सुम सावकाश म्हणाली. "हे दाखवायचा प्रयोग मी पुढच्या वर्षी करणार होते."

"शनिवारी तूच दाखव," जवरीलाल म्हणाले.

लाडकुंवरबाई उठल्या नव्हत्या. "म्हणजे पुन्हा उपाशी ठेवणार?"

तबस्सुम त्यांच्या पायाशी बसली. "ठेवावं लागेल, दादीजी."

"मग पारणं असतं. उपास सोडवायचा दिवस सांग. ते मी करवणार, सगळ्या रांगांचं. मागच्यांपर्यंत मला हात धरून ने."

तबस्सुमनं तारीख सांगितली. म्हातारीनं बोटांवर मोजून पाहिली.

"चार दिवस कमी कर."

तबस्सुमनं दोन कमी केले.