कोऱ्या डोळ्यांचा घोडा

"एक सफरचंद मिळेल का? चांगलं लालबुंद बघून द्या."

आवाज कढईच्या पलीकडून आला. तिने मान वर केली नाही.

"पाक चढलाय," ती म्हणाली. "डावीकडे आत्या आहे, ती देईल."

"आत्यांच्या हातचंही एवढंच गोड लागेल?"

"कढई एकच आहे."

"मग थांबतो. मला कढईकडूनच हवंय."

आत्या खुदकन हसली. तिलाही हसू आलं, पण ते तिने कढईतच सोडलं. बाबांनी शिकवलेला नियम होता: पाक चढला की मान वर करायची नाही.

साखरेचा पाक मोठा लहरी असतो. आधी एकतारी, मग दोनतारी, मग गोळीबंद… तिथवर तो माणसाला सांभाळून घेतो. पण सफरचंद बुडवायचं तर त्याच्याही पुढे जावं लागतं, गार पाण्यात टाकलेला थेंब काचेसारखा कडक होईपर्यंत. आणि तिथून पाक करपायला कितीसा वेळ लागतो? एकदा वळून बघावं, एवढाच. त्याला ढवळायचंही नाही, नाहीतर साखर पुन्हा दाणेदार होते. कढईचा कान फडक्यात धरून ती हळूहळू फिरवायची आणि बघत राहायचं.

शेगडी बुटकी होती, समोरची फळी उंच. नजर कढईवरून जराशी घसरलीच, तर फळीखालून गिऱ्हाइकांचे फक्त पाय दिसत. त्या दिवशी तिला दोन जुने चामडी बूट दिसले. त्यांच्यावर निळ्या आणि सोनेरी रंगाचे थेंब उडालेले होते.

"कोण गं तो?" बूट गेल्यावर तिने विचारलं.

"घोडेवाला," आत्या म्हणाली. "झाडांपलीकडे ते लाकडी घोड्यांचं चक्र आलंय ना, ते फिरवतो. रंगवतोही तोच. दिसायला बरा आहे हो."

"मी विचारलं का?"

"छे! मी आपली कढईला सांगत्येय."

शहरातल्या मोठ्या बागेत दर हिवाळ्यात शनिवार-रविवारी बाजार भरायचा. आठवडाभर कामाला जुंपलेलं शहर त्या दोन दिवशी लोकरी टोप्या घालून तळ्याकाठी सांडायचं. गरम चॉकलेटचे पेले, दालचिनीची बिस्किटं, भाजलेली कणसं, झाडाझाडांत दिव्यांच्या माळा. बाबांच्या हातच्या पाकातल्या सफरचंदांसाठी लोक रांग लावून उभे राहत. गेल्या वर्षी बाबांच्या मनगटात कळ सुरू झाली आणि कढई तिच्याकडे आली. आता बाबा शेजारी बसून सफरचंदांना काड्या खोचत, आणि गप्प राहत. बाबांच्या कढईत पाक कधी करपला नव्हता. तिच्याही कढईत करपू नये, याची धाकधूक तिला रोज असे.

सोमवार ते शुक्रवार ती एका दातांच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंची मदतनीस होती.

"पाच दिवस दात नीट करायचे, दोन दिवस बिघडवायचे," आत्या म्हणायची. "आमच्या पोरीचा धंदा बुडायचा नाही कधी!"

पुढच्या शनिवारी बूट पुन्हा आले. थेंब आता हिरवे होते.

"नमस्कार, पाकमास्तर."

"आज हिरवा घोडा?"

तो दचकला असावा. "तुम्हाला कसं कळलं? मान तर खालीच आहे."

"पाकाला कान असतात."

"मग पाकाला विचारा, एखाद्या दिवशी जरा लवकर उतरेल का? आमच्या घोड्यांची विश्रांती संपली की मला जावं लागतं."

खरी अडचण तीच होती. त्याचे घोडे थांबले की उतरलेली मुलं थेट तिच्या ठेल्याकडे धावत, आणि कढई चढायची. तिची कढई उतरली की तिकडे घोडे फिरत असायचे, नि तो चक्राच्या पोटात, आरशांच्या आड. संध्याकाळी तो घोड्यांवर ताडपत्र्या घाली, तेव्हा ती बाबा-आत्याबरोबर टोपल्या सांभाळत बस गाठायला पळत असे. त्याला फक्त तिचा डोक्याला बांधलेला रुमाल आणि तिचा आवाज ठाऊक होता. तिला फक्त त्याचे बूट आणि त्याचा आवाज.

पण आवाजालाही सवय लागते. घोडे थांबल्यावर तिकडचा बाजा बंद झाला की तिचे कान फळीकडे लागायचे. तो घोड्यांच्या खोड्या सांगायचा. काळा घोडा कुरकुरतो, तपकिरी एका बाजूला झुकतो… मग ती त्याला पाक शिकवायची, लहान मुलाला शिकवावं तशी.

"आता बघा, बुडबुडे मोठे आहेत ना? ते लहान झाले, की समजायचं."

"काय समजायचं?"

"की आता गप्प बसायचं."

"एक घोडा राहिलाय माझा," तो एकदा म्हणाला. "सगळा रंगवून झालाय. डोळे तेवढे कोरे आहेत."

"का?"

"कुणाचे काढू, कळत नाही. कुणाचे तरी मनात आहेत… पण ते मी पाहिलेलेच नाहीत."

बुडबुडे लहान झाले, आणखी लहान झाले. ती पाहत होती, पण तिचं लक्ष तिथे नव्हतं. पाक करपला नाही; नुसता जरा जास्तच कडक झाला. त्यातलं पहिलं सफरचंद तिने न बघता वर धरलं आणि त्याने घेतलं.

बाबांनी थेंब पाण्यातून काढून दाताखाली धरला. "हं," एवढंच म्हणाले.

त्या बुधवारी दवाखान्यात एक तरुण गालाला हात लावून आला. ती तोंडावर मुखपट्टी बांधून अवजारं मांडत होती. तो खुर्चीवर आडवा झाला, तिने दिवा ओढला, आणि तिची नजर खुर्चीच्या दुसऱ्या टोकाला गेली.

जुने चामडी बूट. हिरव्यावर आता लाल थेंब.

तिच्या हातातला छोटा आरसा तबकात खणकन पडला.

"दाढेचा तुकडा उडालाय की!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "काय चावलंत एवढं?"

"पाकातलं सफरचंद. पण बनवणारीला कळायला नको हं. फार जीव लावून करते. कानावर गेलं तर मनाला लावून घेईल."

"गोडाचे शौकीन दिसता."

"छे हो! मला गोड अजिबात आवडत नाही."

"मग दर आठवड्याला कशासाठी?"

"ती एकदा तरी मान वर करेल म्हणून."

डॉक्टरबाई मनापासून हसल्या. "ऐकलंस का गं? आणि तू आज इतकी गप्प का?"

तिने नुसती मान हलवली. एक शब्द जरी बोलली असती, तरी त्याने ओळखलं असतं. इंजेक्शनची सुई पाहून त्याने खुर्चीचे हात घट्ट पकडले. घाबरलेल्या मुलांना ती जसं करायची, तसंच तिने केलं. त्याच्यावर वाकली, डोळ्यांत पाहिलं आणि डोळ्यांनीच सांगितलं – काही होत नाही, मी आहे. तो पाहतच राहिला. मग तोंडात कापसाचे बोळे गेले आणि बोलण्याचा प्रश्नच उरला नाही.

"तात्पुरतं भरलंय," जाताना डॉक्टरबाईंनी बजावलं. "महिन्याभराने पक्कं करून घ्या."

बधिर ओठांनी त्याने काहीतरी म्हटलं आणि दारातून एकदा वळून पाहिलं. डॉक्टरबाईंकडे नाही.

पुढच्या शनिवारी बूट आलेच नाहीत. रविवारी बाजाराचा शेवटचा दिवस. रात्रीतून चक्र उतरवून दुसऱ्या दिवशी समुद्राकाठच्या गावाला जायचं होतं. पुढच्या हिवाळ्यात ते कुठे असेल, त्याच्या मालकालाच ठाऊक. ती सकाळपासून कढई फिरवत होती आणि बाजा थांबण्याची वाट पाहत होती. तो आला की सगळं सांगायचं. पण काय सांगायचं? दवाखान्यात चोरून ऐकलं, हे?

दुपार कलली, बाजा थांबला. मुलं धावत आली, कढई चढली. आणि मुलांच्या पायांमागे बूट दिसले. बूट पुढे आले नाहीत.

"या की हो, घोडेवाले!" आत्याने हाक मारली. "आज घोडं पेंड कुठे खातंय?"

तो आला. "पाकमास्तर… एक सांगायचं होतं. तुम्ही मान वर करू नका. नाही केलीत तर मला सोपं जाईल."

तिचा हात कढईच्या कानावर घट्ट झाला.

"त्या घोड्याचे डोळे मी काढले. बुधवारी रात्रीच बसून काढले. पण ते… तुमचे नाहीत. एका दवाखान्यात एक मुलगी आहे. मी तिचं नाव विचारलं नाही, तिचा आवाजही ऐकला नाही. पण तिने माझ्याकडे पाहिलं, आणि…" त्याचा आवाज खाली गेला. "इतके दिवस मी तुमच्या मान वर करण्याची वाट पाहत होतो. एवढी वाट पाहणाऱ्याचं मन एका नजरेत दुसरीकडे गेलं, तर त्याने तुमच्यासमोर कोणत्या तोंडाने उभं राहायचं? काल म्हणूनच आलो नाही. आज न सांगता जाववेना. येतो मी."

कढईत बुडबुडे लहान होत होते. समोर पोरांची रांग उभी होती. तिला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि दोन्ही कढईत सोडता येत नव्हतं. बूट वळले. एक पाऊल. दुसरं…

"बाबा," ती कशीबशी म्हणाली, "पाक…"

शेजारून एक हात आला. दुखऱ्या मनगटाचा. त्याने तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि कढईचा कान धरला.

"बघ वर," बाबा म्हणाले.

"पण तुम्हीच तर शिकवलंत ना, मान वर…"

"मी पाकाबद्दल शिकवलं होतं, पोरी. माणसाबद्दल नाही."

तिने मान वर केली.

"अहो!"

तो थांबला, वळला. पहिल्यांदाच त्याने तिचा पूर्ण चेहरा पाहिला, पण ओळख पटल्याचं काही दिसेना. तो नुसताच अपराध्यासारखा उभा राहिला. तेव्हा तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि नाकातोंडावर धरला. वर फक्त डोळे उरले.

त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"अजून मोठा आ करा," ती रुमालाआडून म्हणाली. "दाढ दिसत नाहीये."

"तुम्ही? म्हणजे… त्या दिवशी तुम्ही सगळं…"

"सगळं ऐकलं. गोड आवडत नाही, हेसुद्धा."

"आणि मी वेड्यासारखा बुधवारपासून स्वतःला शिव्या घालतोय!" तो म्हणाला. "एकाच मुलीसाठी एकाच मुलीला फसवलं म्हणून!"

"मीही थोडी फसवणूक केलीच की. गप्प बसले. आणि दाढ माझ्यामुळेच तुटली. तुम्ही घोड्याच्या डोळ्यांचं बोलत होतात, आणि पाक पुढे गेला."

"मग दाढ कारणी लागली," तो म्हणाला.

आत्याने पदर तोंडाला लावला. "एकदाचं घोडं गंगेत न्हालं गं बाई!" मग एकदम तिने हवेत नाक वर केलं. "दादा! अरे पाक!"

कढईतून काळपट धूर निघत होता. बाबांच्या हातात फडकं होतं, कढईचा कान होता, सगळं बरोबर होतं. फक्त त्यांची मान वर होती. तेही लेकीकडेच बघत बसले होते.

मग बाबा कढईत डोकावले आणि आयुष्यात पहिल्यांदाच करपलेल्या आपल्या पाकाकडे कौतुकाने बघत म्हणाले, "करपला की. छान करपला."

रांगेतली मुलं हिरमुसली. "आता आम्हाला काय?"

"घोडे!" तो म्हणाला. "शेवटची फेरी सगळ्यांना फुकट. आणि पाकमास्तर, तुम्हालाही."

झाडांपलीकडे जाताना त्याने तिचा हात धरला नाही. तिनेच त्याची रंगाने माखलेली बाही धरली. चक्रावरचा सगळ्यात बाहेरचा घोडा पांढराशुभ्र होता आणि त्याचे डोळे तिचे होते. वाकून, धीर देत बघणारे. तिने घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. रंग वाळलेला होता.

"उद्या किती वाजता निघायचंय?" तिने विचारलं.

"पहाटे. पण महिन्याभराने परत येणार. डॉक्टरबाईंनी सांगितलंय ना, दाढ पक्की करायला."

"दाढेसाठी?"

तो बाजा सुरू करायला निघाला होता. थांबला आणि नीट तिच्याकडे बघून म्हणाला, "नाही. तुमच्यासाठी येणार आहे. तुमचं काय?"

ती घोड्यावर बसली. खाली दूरवर ठेल्यापाशी बाबा कढई घासत होते आणि आत्या त्यांना काहीतरी बोलत होती. बाजाचे सूर सुरू झाले.

"मी स्टेशनावर येईन," ती म्हणाली. "तुम्ही उतराल तेव्हा. मान वर करून."

घोडे हलले. चक्र वेगात आलं, तळं, दिवे, झाडं सगळं एकमेकांत मिसळून गेलं, आणि दर फेरीला ती आरशांपाशी उभ्या असलेल्या त्याच्याकडे बघत राहिली.